प्रतिसाद: भूत दाखवायचं की नाही?

वर कोणीतरी म्हटलंय की भयपटात राक्षस नीट दिसलाच नाही तर पैसे कशाला मोजायचे. माझं नेमकं उलटं आहे. तो दिसला की माझी भीती निम्म्यावर येते.

माणसं खाणाऱ्या शार्कचा 'जॉज' (१९७५) घ्या. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून दिग्दर्शक स्पिलबर्गला तो लपवत शूटिंग करावं लागलं. त्यामुळे पडद्यावर येतात ते शार्कला दोरीने अडकवलेले, पाण्यावर तरंगणारे पिवळे पिंप. पिंप झपकन खाली गेलं की आपण खुर्चीचा हात घट्ट धरतो! नुसतं पिंप, हो.

भयपट आणि विज्ञानपट वेगळे ठेवावेत, हे वरचं म्हणणंही पटलं नाही. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' (१९८२) कुठल्या खणात टाकणार? अंटार्क्टिकातला तळ, माणसाचं हुबेहूब रूप घेणारा परग्रहावरचा जीव, आणि माणूस कोण हे ओळखायला रक्ताची चाचणी. तापवलेली तार एकेका बशीतल्या रक्तात बुडवायची; रक्त त्या जीवाचं असेल तर ते उसळणार. चर्र... काही नाही. पुढची बशी. बांधून ठेवलेल्यांचे चेहरे बघा तेव्हा. त्यातले रबरी अवतार मला आज जरा जास्त वाटतात (म्हणजे दाखवायचा मोह तिथेही आवरला नाहीच), पण ती तार अजून अंगावर येते.

साहसपटांत मात्र सगळं दाखवा, माझी ना नाही. फक्त नायकाला थोडं लागू दे. शंभर फुटांवरून पडून केसही न विस्कटणारा हिरो असला की मी घड्याळ बघायला लागतो.