मदत हवी आहे: सल्लागाराचा वीज अहवाल वाचायचा कसा?

नमस्कार मंडळी, मी मिशिगनमधल्या ॲन आर्बरला राहते. नोव्हेंबर २०२४ मध्ये इथल्या मतदारांनी शहराच्या स्वतःच्या ऊर्जा सेवेला मंजुरी दिली. तीत सोलर, बॅटऱ्या वगैरे. खांब आणि तारा मात्र खासगी कंपनीच्याच. त्याही शहराने विकत घ्याव्यात का, हा पर्याय शहराने सल्लागार नेमून आधीच तपासून घेतलाय. अहवाल वाचायला बसले, पण घोडं अडलंय किमतीपाशी.

जुन्या तारांचं मोल ठरवतं कोण? कंपनी जास्त सांगणार, शहर कमी, मग कोर्ट. कोलोरॅडोतल्या बोल्डरने २०११ मध्ये मतदान घेऊन खासगी कंपनीकडून वितरण ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये नाद सोडला. उलट फ्लोरिडातल्या विंटर पार्कने २००५ मध्ये वितरण ताब्यात घेतलं, ते आजही शहराकडेच आहे. (मुंबईकर म्हणून मला यात नवल नाही, वीज पुरवणारी आमची बेस्ट १९४७ पासून महापालिकेचीच!)

वीज वितरणात किंवा बेस्टमध्ये काम केलेलं कुणी आहे का इथे? घसारा (जुनं होत जाताना घटणारी किंमत), कर्जाचं व्याज आणि वीजखरेदीचा दर, यांतलं कोणतं गृहीतक बदललं की अख्खं गणित उलटतं? जनसुनावणीत नेमकं काय विचारू?