फोनवरून फिजिओ: तुमचा अनुभव लिहा

मी यवतमाळ जिल्ह्यात फिजिओथेरपी करते. २०२० च्या टाळेबंदीत व्हिडिओ कॉलवर व्यायाम घ्यायला लागले तेव्हा वाटलं, चार दिवसांचं काम आहे. अजून सुरूच आहे. पेशंट एसटीनं येणार, सोबत एक माणूस, दोघांचीही मजुरी बुडणार. मग फोनच बरा. तरी माझं मन पुरतं मानत नाही. खांदा जाम झालेल्या एका बाईंना मी भिंतीवर बोटं चढवत न्यायला सांगितलं आणि रोज जिथवर पोचतील तिथं गेरूची रेघ मारायला लावली. रेघा वर सरकत गेल्या. कापसाची वेचणी सुरू झाली आणि रेघाही थांबल्या, फोनही. दवाखान्यात असत्या तर थांबल्या नसत्या असं म्हणायचीही सोय नाही, कारण वेचणीत दवाखान्यातही कोणी येत नाही.

तुमचं काय?

वणीकडून
माझा विश्वास एका पोटरीनं घालवला. गुडघा बदललेले काका, ऑपरेशनला दहा दिवस. "पोटरी ठणकते," म्हणाले. खोलीत पिवळा बल्ब, पडद्यावर दोन्ही पाय सारखेच दिसले. व्यायामानं दुखत असेल म्हणून मी टाच सरकवायचा व्यायाम चालू ठेवला. दोन दिवसांनी सूनबाईंना हात लावून बघायला सांगितलं. "ऊन लागते जी, त्या पायापेक्षा." डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह बघायच्या सोनोग्राफीत, शिरेत रक्ताची गाठ निघाली. वेळेत औषध मिळालं, काका बरे आहेत. पण ते दोन दिवस माझ्या नावावर आहेत. आता ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे फक्त फोनवर घेत नाही, कोणी कितीही गळ घालो.

भामरागडकडून
पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी आणि रस्ता बंद. तिथं 'प्रत्यक्ष की फोनवर' हा वाद घालायला मोकळीक कुणाला आहे? अर्धांगवायूची आजी, भाषा माडिया, मला येत नाही. आशाताईनं सगळं पेललं. आजीला उठवताना लुळा हात धरून ओढायचा नाही, खांदा निखळतो, एवढं एक तिला पक्कं शिकवलं. तिनं ते घरातल्या चौघांना शिकवलं. कॉल अनेकदा आवाजापुरताच. खरा फिजिओ तीच होती, मी नुसती तोंडी हिशेब सांगणारी.

धारणीकडून
गुडघेदुखीचे पेशंट रेंजसाठी टेकडी चढून आले आणि म्हणाले, "म्याडम, आता व्यायाम सांगा." काय सांगणार!

अकोल्याजवळून
पैशाचं कोणीच बोलत नाही. "हात तं लावला नाही, पैसे कायचे?" असं तोंडावर ऐकलंय. अर्धा तास बोलूनही फी मागायला जीभ रेटत नाही. आणि नियम? २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या सूचना नोंदणीकृत डॉक्टरांसाठी लिहिलेल्या. आपल्या व्यवसायाचा कायदा आला २०२१ मध्ये. काही चुकलं तर जबाबदारी कुणाची, याची मला फीपेक्षा जास्त धास्ती वाटते.

धागा काढणारी
वणीवाले दादा, आता कॉलवर पोटरी कशी बघता?

वणीकडून
सुतळीनं. गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यापासून १० सेंमी खाली दोन्ही पायांचा घेर घ्यायला लावतो, सुतळीला गाठ मारायची आणि मग पोराच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजायचं. ३ सेंमीच्या वर फरक म्हणजे त्याच दिवशी डॉक्टरकडे. फरक नसला आणि पाय ऊन असला, तरीही त्याच दिवशी.