क्लोज्ड बीटाची की (प्रवेशाचा कोड) मिळाली आहे: देवगडातून खेळताना दोष खेळाचा की लाईनचा, कसं ओळखायचं?

हापूसवाडी (देवगड)

एका येऊ घातलेल्या ऑनलाइन फँटसी आरपीजीच्या (पात्र घेऊन खेळायच्या खेळाच्या) क्लोज्ड बीटात, म्हणजे निवडक लोकांसाठीच्या चाचणीत, निवड झाली आहे. गुप्ततेचा करार असल्याने नाव लिहीत नाही, कृपया तुम्हीही अंदाज टाकू नका. चाचणी शुक्रवारी पॅसिफिक वेळेनुसार सकाळी १० ला सुरू होऊन रविवारी संपते. डाउनलोड ६० जीबी. लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे. नेट म्हणजे केबलवाल्याचं ३० एमबीपीएस फायबर, आणि पावसात लाईटचा भरवसा नाही. सर्व्हरला सिंगापूर आणि फ्रँकफर्ट असे दोनच पर्याय आहेत. शेवटी पहिल्या अनुभवाचा फॉर्म भरायचा आहे. पहिल्या काही तासांत नेमकं काय बघू आणि काय लिहू?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

तिकडे सध्या उन्हाळी वेळ आहे, म्हणजे आपली रात्री १०:३०. पूर्ण वेग मिळाला तर ६० जीबीला साडेचार तास लागतात. संध्याकाळी तो मिळत नाही, म्हणून प्रीलोड (चाचणीआधीचं डाउनलोड) खुला झाला की आदल्या रात्रीच लावा. फाइली उलगडायला जागा लागते, तेव्हा एसएसडीवर १०० जीबी तरी मोकळी हवी. हार्ड डिस्कवर टाकू नका.

सर्व्हर सिंगापूरच घ्या, पण आधी पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) मोजून. मुंबई-सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किमी. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो, म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंदांच्या खाली येणं शक्यच नाही. प्रत्यक्षात ६० ते ९० दिसले तर लाईन चांगली. २०० च्या वर दिसले तर बहुधा तुमचा ट्रॅफिक वळसा घालून जातोय. ट्रेसरूट (वाटेतले टप्पे दाखवणारी कमांड) चालवला की आकडा कुठल्या टप्प्यावर उडी मारतो ते कळतं. फ्रँकफर्टला १२० ते १५० धरून चाला.

पिंग चार-पाच वेळा मारून थांबू नका, १०० वेळा मारा. सरासरीपेक्षा सर्वात कमी आणि सर्वात जास्त यांतला फरक बघा. स्थिर ८५ वर आरामात खेळता येतं. ५० ते २०० असं नाचणारं पिंग मात्र जीव खातं. हीच चाचणी आधी घरच्या राउटरवर करा. तिथेच आकडे हलत असतील तर वायफाय बंद करून लॅनची वायर लावा. चिऱ्याच्या जाड भिंतीतून ५ गीगाहर्ट्झचा सिग्नल नीट जात नाही.

तळकोकणी (मालवण)

गाववाल्यांनू, बीटाच्या फॉर्मात सगळ्यात जास्त वेळा येणारा आणि सगळ्यात निरुपयोगी शब्द म्हणजे 'लॅग'. तीन वेगळ्या गोष्टींना लोक तेच नाव देतात, त्यामुळे बनवणाऱ्यांना काहीच हाती लागत नाही.

पात्र जागेवर उभं ठेवून नुसता कॅमेरा गोल फिरवा. तिथेच झटके बसले तर प्रश्न तुमच्या मशीनचा किंवा ग्राफिक्स कोडचा, नेटचा संबंध नाही. कॅमेरा गुळगुळीत फिरतोय, पण पळताना पात्र दोन पावलं मागे खेचलं जातंय? मग पॅकेट (डेटाचे तुकडे) हरवतायत किंवा जिटर आहे, म्हणजे पिंग नाचतंय. चालणं आधी तुमच्या मशीनवर दाखवलं जातं आणि सर्व्हर नंतर दुरुस्त करतो, म्हणून ते मागे खेचल्यासारखं दिसतं. तिसरा प्रकार असा: चालणं ठीक, पिंग ठीक, पण पेटी उघडायला, लूट यायला, दुकानदार बोलायला दोन-तीन सेकंद. तिथे सर्व्हरच दमलेला असतो. चॅटमध्ये विचारा, सगळ्यांना तेच होत असेल. हा तिसरा प्रकार वेळेसकट नक्की लिहा, चाचणी त्यासाठीच तर असते.

आता लढाई. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये दोन स्किलमधलं मूळ अंतर १.५ सेकंद, फायनल फँटसी १४ मध्ये २.५ सेकंद. अशा खेळात ९० चं पिंग जाणवत नाही, कारण पुढचं स्किल रांगेत लावता येतं. उडी मारून वार चुकवायच्या खेळात हिशोब बदलतो: गिल्ड वॉर्स २ मध्ये चुकवण्याची खिडकी, म्हणजे मार न लागण्याचा अवधी, पाऊण सेकंदाची आहे. म्हणून एक क्लास (पात्राचा लढण्याचा प्रकार) जवळून लढणारा आणि एक लांबून मारणारा, असे दोन्ही घेऊन बघा. 'मी डागाबाहेर (जमिनीवरच्या धोक्याच्या खुणेबाहेर) होतो तरी लागलं' असं लिहिण्याआधी मार कधी ठरतो ते तपासा. फायनल फँटसी १४ मध्ये जमिनीवरची खूण नाहीशी होते त्याच क्षणी मार ठरतो, स्फोट नंतर दिसतो. नवखे त्याला लॅग समजतात.

हेदवीकर (गुहागर)

पहिल्या अर्ध्या तासाच्या फ्रेम रेटवर (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्यावर) मत बनवू नका. नवीन जागा, नवीन जादू पहिल्यांदा दिसली की शेडर (प्रकाश-रंग काढणारा ग्राफिक्स कोड) तयार होताना झटका बसतो, दुसऱ्या फेरीला जातो. दुसऱ्या फेरीलाही तिथेच बसला तर नोंदवा. ४ जीबीच्या कार्डावर टेक्श्चर (पृष्ठभागांच्या चित्रांचा दर्जा) मध्यम ठेवा.

फ्रेम ६० ला बांधा, मेन्यूतसुद्धा. २०२१ च्या जुलैमध्ये न्यू वर्ल्ड या ऑनलाइन खेळाच्या बीटात काही आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्डं बंद पडली होती. कार्ड बनवणाऱ्या कंपनीने नंतर दोष सोल्डरिंगचा सांगितला, पण खेळातही मेन्यूच्या फ्रेमना मर्यादा घालण्यात आली. न संपलेल्या बिल्डमध्ये (खेळाच्या आवृत्तीत) अशी मर्यादा घालायची राहून जाते. आपल्याकडच्या दमट हवेत लॅपटॉप आधीच तापलेला असतो, त्यात मेन्यूवर ३०० फ्रेम कशाला?

लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि ग्राफिक्स कार्ड आपोआप मंदावतं, तेव्हा ती आकडेवारी फॉर्मात धरू नका. राउटर १२ व्होल्ट १ अँपिअरचा असेल तर ८,८०० एमएएचचा छोटा यूपीएस दोनेक तास काढतो. पण गल्लीतल्या खांबावरच्या स्विचला बॅकअप आहे का, ते केबलवाल्याला विचारा. नसेल तर घरचा यूपीएस असून नसून सारखा. मग फोन यूएसबीने जोडा. खेळायला डेटा फार लागत नाही, पॅच (खेळाच्या दुरुस्तीच्या फाइली) मात्र त्यावर उतरवू नका. विजा कडकडायला लागल्या तर चार्जर आणि लॅनची वायर दोन्ही काढा. फायबरमधून वीज येत नाही, राउटरच्या अडॅप्टरमधून येते.

हापूसवाडी (देवगड)

उपयोगी आहे हे. संतुलन, क्लासची ताकद, रिकामी गावं यांवर लिहायचं का?

तळकोकणी (मालवण)

आकडे रोज बदलतात, त्यावर एक ओळ पुरे. पायावर लिहा: लढाईचा हात, मेन्यूची चाल, गटात खेळताना एकमेकांची गरज लागते का, तासाभरानंतरही क्वेस्टमध्ये तीच दहा डुकरं मारायची आहेत का. फायनल फँटसी १४ ची २०१० ची मूळ आवृत्ती पॅच लावून सावरली नाही. २०१२ मध्ये बंद करून २०१३ मध्ये खेळ नव्याने आणावा लागला.

बगसाठी: बिल्ड क्रमांक, वेळ टाइम झोनसकट, नकाशावरची जागा, क्लास व लेव्हल, केलेल्या पायऱ्या क्रमाने, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि पाचपैकी किती वेळा होतं. एका अर्जात एकच बग.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

पात्रं शेवटी बहुतेक पुसली जातात, तेव्हा दुर्मिळ वस्तू गोळा करत बसू नका. लवकर मरून बघा, पडून बघा, पुलाच्या कडेवर चढून बघा. स्क्रीनशॉट मात्र कुठेही टाकू नका, त्यात खात्याची अदृश्य खूण असू शकते. आणि कुणी 'जास्तीची की' विकत देतो म्हणाला तर पैसे पाठवू नका, विकलेल्या की बहुधा रद्द होतात.