प्रोजेक्ट नको, काम द्या: हाताने शिकणं शाळेत खरंच जमतं का?

सायली_चिंचवड
मुलगी सहावीत आहे. "कृतीतून शिक्षण" म्हणून ज्वालामुखी, पवनचक्की असले प्रोजेक्ट येतात आणि निम्म्या घरांत ते आईबाबाच रात्री बसून करतात, बाकीचे स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणतात. चीड येते मला. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ ला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथून जो अभ्यासक्रम शाळांत गेला त्यात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, मातीपरीक्षण, हिमोग्लोबिन तपासणी अशी कामं करतात आणि ती गावात कुणाच्या तरी उपयोगी पडतात. फाटक नीट बसलं नाही तर ते मुलाला लगेच दिसतं, बाईंचा शेरा लागत नाही. जी वस्तू कुणी वापरणारच नाही ती मुलांकडून करून घेऊ नका, एवढंच म्हणणं.

झेडपी_गुरुजी
ताई, मी द्विशिक्षकी शाळेत आहे. चार वर्ग, आम्ही दोघं, वर ऑनलाइन माहिती भरा आणि पोषण आहाराच्या नोंदी ठेवा. एका वर्गाची कृती घेतली की दुसरा मोकळा सुटतो. आणि कृती केली म्हणजे समजलं असं नसतं हो. मूग भिजवले, मोड आले, पोरं खूष, पण मोड यायला उजेड लागतो का विचारलं की गप्प. त्यासाठी एक वाटी कपाटात, एक खिडकीत, पाणी दोन्हीकडे सारखं, हे मास्तरलाच आखून द्यावं लागतं. २००६ चा कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांचा पेपर हेच मांडतो की नवशिक्यांना फारसं मार्गदर्शन न देता सोडलं तर ते कमी शिकतात.

रेश्मा_के
मला वेगळंच विचारायचंय. वेल्डिंग कुणाची पोरं शिकणार? १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली, हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रात, आणि हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. आमच्याकडे आजोबांपर्यंत सगळे चामड्याचं काम करायचे. बाबा पुस्तकं वाचून त्यातून बाहेर पडले. आता शाळेनेच पोराच्या हातात पुन्हा हत्यार द्यायचं आणि शहरातल्या पोराला कोडिंग, तर मी विरोधच करणार.

सायली_चिंचवड
रेश्माताई, हे अगदी मान्य, म्हणूनच सगळ्यांना द्या म्हणते, चिंचवडच्या इंग्लिश मिडियमलाही. कलबाग स्वतः अमेरिकेत पीएचडी केलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात होते, आणि त्यांनी हे नेहमीच्या हायस्कूलमधेही आणलं. गुरुजी, मार्गदर्शन नको असं मी कुठे म्हटलं? वेल्डिंग तर मार्गदर्शनाशिवाय करूच देऊ नये.

नर्मदाकाठ
सरकारी शाळेत हे होऊन गेलंय. होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम, मध्य प्रदेश, १९७२ ला १६ शाळांपासून सुरू. पोरं प्रयोग करूनच विज्ञान शिकायची, आणि मुख्य म्हणजे परीक्षाच बदलली, पुस्तक उघडं ठेवून पेपर आणि शिवाय प्रात्यक्षिक. शिक्षकांचं प्रशिक्षण व्हायचं, दर महिन्याला एकत्र बसून अडचणी सोडवायचे. २००२ ला सरकारने बंद केलं. आपल्याकडे परीक्षा जुनीच ठेवून वर कृती चिकटवतात, मग पालक गाईडच आणणार ना.

झेडपी_गुरुजी
महिन्याची बैठक आमच्याकडेही असते, केंद्राची शिक्षण परिषद. बराच वेळ परिपत्रकांत जातो. तिथे आम्हा शिक्षकांनाच प्रयोग करून बघू द्या, मी पहिला येईन. पण तिसरा शिक्षक द्या ही मागणी मी सोडणार नाही, त्याशिवाय चार वर्गांत हे होत नाही म्हणजे नाही.

रेश्मा_के
सायली, मग तुमच्या मुलीच्या शाळेत पालकसभेत मागणार का हे? की फक्त पाबळचं कौतुक?

सायली_चिंचवड
मागणार. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला १० दिवस दप्तराविना सांगितलेत, ते सहलीत घालवू नका म्हणणार. माझी मागणी सायकल दुरुस्तीची आहे. पंक्चर काढणं, ब्रेक आवळणं, आणि पुढच्या चक्राला ४४ दात, मागच्याला १८ असतील तर पेडलच्या एका फेरीत मागचं चाक किती फिरेल, हे आधी मोजायचं मग गणितात मांडायचं. सहावीला गुणोत्तर आहेच. आणि मुलामुलींनी सगळ्यांनी करायचं, हात काळे झाले म्हणून तक्रार आली तर तिला मी उत्तर देईन.