मदत हवी आहे: पिरामिडनला दोन रात्री मुक्काम

खटपट्या: नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर पिरामिडन हे रशियन खाणीचं ओसाड गाव आहे, तिथे दोन रात्री तुलपान हॉटेलात राहायचंय. स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्येन, तिथपर्यंतचं विमान बुक झालंय, पुढची बोट कुठेच मिळत नाहीये. नेमकं सांगा, घाई आहे. "गुगल करा" नको.

रानभूल: महिना कुठला?

सहीशिक्का: आधी व्हिसा बघा. स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्राच्या बाहेर आहे. सिंगल एंट्रीवर गेलात तर येताना ऑस्लोला अडकाल. डबल एंट्रीच हवी.

खटपट्या: मी स्टुटगार्टला असतो, जर्मनीत राहण्याचं परमिट आहे. मार्चचा दुसरा आठवडा.

सहीशिक्का: हे आधी सांगायचं ना! मग एंट्रीचा प्रश्नच नाही. पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड, दोन्ही जवळ ठेवा.

रानभूल: मार्चात पिरामिडनजवळच्या बिलेफ्योर्ड खाडीवर बर्फ असतो, बोट मिळेल कुठून? स्नो-स्कूटरनेच जावं लागेल. जाऊन-येऊन 200 किमीच्या आसपास. चालवायला कारचं लायसन्स पुरतं.

बर्फगोळा: स्कूटर भाड्याने घ्या आणि एकटेच जा. गाइडचे पैसे वाचतील.

रानभूल: काहीही सल्ले देऊ नका हो. वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वल हुसकावायचं साधन जवळ लागतंच. रायफल भाड्याने घ्यायची तर राज्यपाल कार्यालयाची परवानगी हवी. शिवाय 2025 पासून अस्वलापासून 300 मीटर लांब राहायचं, 1 मार्च ते 30 जून 500 मीटर. गाइडबरोबरच जा.

सहीशिक्का: हॉटेल आर्क्टिकउगोलचं, म्हणजे रशियन सरकारी कंपनीचं. युक्रेन युद्धामुळे 2022 पासून स्थानिक पर्यटनवाले त्यांच्यापासून लांब आहेत. मुक्काम, पैसे भरायची पद्धत आणि नेण्या-आणण्याची सोय हॉटेलकडूनच लेखी घ्या.

बर्फगोळा: त्यापेक्षा स्वालबार्डमधल्याच न्यू-ओलेसुंडला जा, भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे तिथे, 2008 पासून. तेही खाणीचंच गाव.

रानभूल: विचारलंय काय, सांगताय काय! तिथे वायफाय-ब्लूटूथसुद्धा बंद ठेवावं लागतं, संशोधनाची उपकरणं आहेत म्हणून.

खटपट्या: बरं, स्कूटर. चष्मा आहे, चालेल?

रानभूल: चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल मागा. तोंड झाकणारी टोपी (बालाक्लाव्हा) गॉगलच्या आत खोचू नका. श्वास वर जातो, काचेवर वाफ धरते आणि तिथेच गोठते. आतून लोकरीचे कपडे घाला. सुती नको, घामाने भिजलं की वाळत नाही. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, नाहीतर थंडीत बॅटरी बसते. बाहेरचा सूट, बूट, हेल्मेट बहुतेक कंपन्या देतात, तरी विचारून घ्या.

बर्फगोळा: आणि लाँगइयरब्येनच्या हॉटेलात शिरताना बूट दाराशी काढायचे. खाणीच्या काळापासूनची पद्धत आहे. धड मोजे न्या, भोकाचे नकोत.