'ग्राउंड करा' म्हणजे नक्की काय करा?

रंकाळाकाठ: आमच्याकडची कॉलेजची पोरं टेस्ला कॉइल (हवेत ठिणग्या उडवणारं हाय व्होल्टेजचं यंत्र) बनवायलीत, त्यांच्यासाठी सूचना मराठीत लिहितोय. इंग्रजीत सगळीकडे एकच शब्द, ग्राउंड. कामं मात्र तीन. ट्रान्सफॉर्मरची बॉडी घरच्या अर्थिंगला जोडायची. सेकंडरीचं, म्हणजे कॉइलच्या उंच गुंडाळीचं, खालचं टोक बाहेर जमिनीत ठोकलेल्या वेगळ्या रॉडला द्यायचं, कारण ते घरच्या अर्थिंगला दिलं तर हाय फ्रिक्वेन्सीचा दणका वायरिंगमधनं टीव्ही-कॉम्प्युटरपर्यंत पोचतो. आणि हात लावायच्या आधी कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, दांडीनं शॉर्ट करून त्यातली वीज काढून टाकायची. तिन्हीकडे 'भूसंपर्क' घातलं तर एक पोरगा विचारतोय, फरशीला टेकवलं तर चालंल का? तीन वेगळे शब्द पाहिजेत.

शब्दवेडी: पहिल्याला भूसंपर्कच ठेवा, चांगला रुळलेला शब्द आहे. तसंही अर्थ म्हणजे आपली 'धरा'च, उच्चार बदललाय इतकंच.

व्युत्पत्तीप्रेमी: नाही हो ताई. धरा 'धृ' धातूवरून, धारण करणारी ती. इंग्रजी अर्थचं सख्खं भावंड जर्मन 'एर्डे'. नुसत्या आवाजावरून नातं लावू नका.

उद्यमनगरवाला: रुळलेला कुठं? उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन भूसंपर्क म्हणा, कोण मान वर करणार नाही. फेज, न्यूट्रल, अर्थिंग. कोळसा-मीठ भरतो तो अर्थिंगचा खड्डा. आणि पोरांना एक ठासून सांगा, न्यूट्रल म्हणजे अर्थिंग नव्हं, दोन पिनांचा प्लग उलटा बसला की तीच तार फेज होत्या.

शब्दवेडी: दुकानात चालतं तेच लिहायचं तर परिभाषा कशाला केली? दांडीला मी 'विसर्जनदांडी' सुचवते.

उद्यमनगरवाला: विसर्जन म्हटलं की आमच्याकडं गणपती आणि पंचगंगेचा घाट. दांडीच्या टोकाला हूक असतोय, 'आकडा' म्हणा की.

रंकाळाकाठ: आकडा अजिबात नको, आकडा टाकणं म्हणजे वीजचोरी, पोरं भलतंच समजतील.

निवृत्त लाइनमन: आम्ही डिस्चार्ज रॉड म्हणायचो, लाइन बंद केली तरी रॉड लावल्याशिवाय हात नाही. रॉडची तार आधी अर्थिंगला पक्की करायची, मग दुसरं टोक लाइनला, काढताना बरोबर उलटं. नावापेक्षा क्रियापद सांभाळा साहेब. 'टेकवा' लिहू नका, 'लावून ठेवा' लिहा. मोठ्या कपॅसिटरला दांडी टेकवून लगेच काढली तर सप्लाय नसतानाही थोड्या वेळानं त्यात परत व्होल्टेज चढतं आणि ते जीव घेऊ शकतं.

रंकाळाकाठ: हे लाखाचं बोललात काका, आजच बदलतो. पण बाहेरच्या रॉडला काय म्हणू? आमच्या पन्हाळ्याच्या बाजूला सगळा जांभा, उन्हाळ्यात कोरडा पडतो, म्हणून रॉडभोवती पाणी घालावं लागणार, ते पण लिहायचंय.

शब्दवेडी: 'व्होल्टेज चढतं' हे मराठी आहे का? दाब वाढतो म्हणा.

उद्यमनगरवाला: दाब पाण्याचा असतोय ताई. करंट 'मारतंय' हे तरी चालंल का तुम्हाला?

शब्दवेडी: मारतंय नाही, विजेचा धक्का बसतो.

निवृत्त लाइनमन: उच्चदाब वाहिनी, लघुदाब वाहिनी असंच खात्याच्या कागदावर असायचं, ताईंचा दाब बरोबर आहे.