मदत हवी आहे: आईची नजर कमी झाली आहे, तिला गॅसजवळ सुरक्षित काम कसं करता येईल?

नमस्कार मंडळी,

आईला (वय ७६) दोन्ही डोळ्यांत मॅक्युलर डिजनरेशन आहे, कोरड्या प्रकारचं. पडद्याचा मधला भाग खराब झालाय. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग, पण कडेचं दिसतं. चष्म्याचा नंबर बदलून उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरात ती भिंतीला न धरता फिरते, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यांना तिचा त्रास खराच वाटत नाही. "काकू, मग गोळीचं नाव कसं वाचता येत नाही?" असं कुणी विचारलं की ती गप्प होते.

आम्ही गिरगावात राहतो. मी आणि बायको सकाळी आठला बाहेर पडतो. गेल्या महिन्यात चहा ओतताना आईचा हात भाजला आणि तेव्हापासून घरातले सगळे तिला गॅसला हात लावू देत नाहीत. मला हे पटत नाही. दुपारचा चहा तिनं स्वतः करून प्यावा, असं मनापासून वाटतं.

भात दिसावा म्हणून गडद निळं ताट आणलं, त्याचा छान फायदा झाला. शेगडीच्या बटणावर टिकली चिकटवली, ती तेलकट हातानं दोन दिवसांत निघाली. हातात धरायचं भिंग घेतलं, पण हात थरथरतो आणि अक्षरं हलतात. आता इंडक्शन घ्यावी का?

प्रतिसाद

दादा, इंडक्शन घाईनं घेऊ नका. सपाट टच बटणं बोटाला कळत नाहीत. आहे त्याच शेगडीवर 'बंद'च्या खुणेला एम-सीलचा छोटा उंचवटा करा, माझ्या सासूबाईंना तो लगेच हाताला लागतो. दुधासाठी शिट्टीचा मिल्क कुकर घ्या. कपाच्या कडेला अडकवायचं एक छोटं यंत्र मिळतं, चहा वरपर्यंत आला की ते वाजतं.

भिंग मात्र स्टँडचं, दिव्याचं घ्या. ते कागदावर टेकतं, त्यामुळे अंतर बदलत नाही. पण दुकानातून अंदाजानं नको. ताकद वाढली की एका वेळी दिसणारी अक्षरं कमी होतात, म्हणून लो व्हिजन तपासणी (चष्म्यानंही न सुधारणाऱ्या कमी नजरेची) करूनच ठरवा. नजर किंचित बाजूला ठेवून कडेच्या दृष्टीनं बघायचा सरावही तिथे विचारा. वरळी सी फेसला 'नॅब' या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं कार्यालय आहे, तिथे चौकशी करा.

नोटा हातानं कशा ओळखायच्या, ते सांगायचं राहिलं. नवी पाचशेची शंभरच्या नव्या नोटेपेक्षा ८ मिमी लांब असते. कडेला उठावाच्या तिरक्या रेघा असतात, शंभरवर ४ आणि पाचशेवर ५.

धागाकर्ता

ताई, खूप आभार. एम-सील आज रात्रीच लावतो. वरळीला आधी फोन करून मगच आईला नेतो. अजून एक: तिच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांच्या पट्ट्या सारख्याच चंदेरी आहेत. एकीला रबरबँड गुंडाळलाय, पण तो सटकतो. तुम्ही काय करता?